वाण लागला, गुणही लागला, पण आवाजाला काहीच लागलं नाही

आधीच सांगून टाकते, खाली स्पॉइलर आहेत, पार शेवटपर्यंतचे आहेत, अन् ते सांगितल्याशिवाय मला जे म्हणायचं ते म्हणताच येत नाही. ज्यांना डॉक्टर हू या सिरियलवरच्या, बिग फिनिश कंपनीच्या, आठव्या डॉक्टरच्या ऑडिओ कथा कोऱ्या कानांनी ऐकायच्या आहेत त्यांनी इथंच थांबा, आधी ऐकून या.

मागच्या उन्हाळ्यापासून मी या कथा ऐकून राहिली. सुभाष नगरहून मेट्रो पकडायची, सीताबर्डीला लाइन बदलायची, तिथून खापरी, मग ऑफिस. एक एपिसोड साधारण अर्ध्या तासाचा असतो, बहुतेक कथा चार एपिसोडच्या, म्हणजे दोन दिवसांच्या जाण्यायेण्यात एक कथा होते. घरी ऐकून पाहिलं होतं पण मे महिन्यात कूलर चालू असला की हळू बोललेलं काही म्हणजे काही कानावर पडत नाही, अन् मी ज्याच्याबद्दल लिहून राहिली तो हळूच बोलतो.

त्याचं नाव क्रिझ. इंग्रजीत नावाच्या मधे एक अपॉस्ट्रॉफीचं चिन्ह लटकवलेलं आहे, परग्रहावरचा आहे हे कळावं म्हणून असेल, मी सरळ क्रिझ लिहिते.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डॉक्टर हू ही ब्रिटनची टीव्ही सिरियल, काळात फिरणाऱ्या एका परग्रहवासी डॉक्टरची, त्याचं रूप बदलते तसा नट बदलतो, म्हणून पहिला, सातवा, आठवा डॉक्टर; 1963 ला सुरू झाली, 1989 ला बंद पडली, 1996 मधे एक टीव्ही फिल्म आली त्यात पॉल मॅकगॅन आठवा डॉक्टर झाला, अन् टीव्हीवर तेव्हा तेवढंच. मग बिग फिनिश नावाच्या कंपनीनं 1999 पासून डॉक्टरच्या नव्या कथा फक्त आवाजात काढायला घेतल्या अन् 2001 मधे मॅकगॅनला परत आणलं. म्हणजे हा डॉक्टर खरा वाढला तो कानातच. त्याची सोबतीण चार्ली पोलार्ड, आवाज इंडिया फिशरचा, ती आर101 या विमानजहाजात चोरून चढलेली असते. हे जहाज खरंखुरं होतं बरं का, ऑक्टोबर 1930 मधे इंग्लंडहून आपल्या कराचीला यायला निघालं (तेव्हा आपलंच), अन् फ्रान्समधे बोव्हेजवळ कोसळलं, 54 पैकी 48 माणसं गेली. चार्लीही मरायची असते, डॉक्टर तिला वाचवतो, अन् त्यामुळे काळालाच भगदाड पडतं. ते निस्तरता निस्तरता डॉक्टर अशा एका विश्वात जाऊन पडतो जिथं काळ नावाची गोष्टच नाही, अन् ही पोरगी नको म्हटलं तरी त्याच्यामागे जाते.

त्या विश्वातली पहिली कथा, स्केर्त्सो, डिसेंबर 2003 ची. अख्ख्या कथेत मुख्य माणसं दोनच, डॉक्टर अन् चार्ली, आजूबाजूला पांढरा शुकशुकाट, डोळे चालत नाहीत, अन् त्यांच्यासोबत तिथं एक जीव आहे जो आवाजाचाच बनलेला आहे, त्यांचंच बोलणं ऐकून बोलायला शिकणारा. मी हे छत्रपती चौकाच्या आसपास ऐकत होती अन् मेट्रोची अनाउन्समेंट झाली तर दचकून मागे पाहिलं. ऑडिओ नाटक काय करू शकते ते या एका कथेत पूर्ण दिसते. म्हणजे ऐकू येते.

अन् त्यानंतर लगेच, जानेवारी 2004 मधे, द क्रीड ऑफ द क्रोमॉन या कथेत क्रिझ येतो. आवाज कॉनरॅड वेस्टमासचा. जरा विचार करा, आत्ताच यांनी आवाजाचा जीव बनवून दाखवला, हात साफ झालेला आहे, अन् लगेच पुढे असा सोबती आणला ज्याची कातडी आजूबाजूचा रंग घेते. घोयरा असतो नं आपल्याकडे, तसा. अन् कातडीच नाही, त्याचं मनही शेजारी बसलेल्या माणसाचं वळण घेते. हिंमतवाल्यासोबत राहिला तर हिंमतवाला, चिडक्यासोबत चिडका. आपली म्हण आहे, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. या गड्याला वाण पण लागतो अन् गुण पण. असा माणूस फक्त आवाजाच्या नाटकात ठेवायचा ही कल्पना कोणाला सुचली असेल त्याला माझा दंडवत आहे, कारण रंग दिसणारच नाही म्हणजे तो ऐकवावा लागणार, अन् ऐकवायचा कसा हा प्रश्नच इतका मस्त आहे की त्यावर चार वर्षं काम करता आलं असतं.

तो प्रश्न कोणी धरलाच नाही, माझी सगळी तक्रार ही एवढीच आहे.

माझी आजी नागपूरच्या महाल भागात राहायची, जुन्या वाड्यात. शेवटची काही वर्षं मोतीबिंदूनं तिला जवळपास दिसत नव्हतं अन् ऑपरेशनला ती तयार होत नव्हती. रात्री आकाशवाणी नागपूरवर नभोनाट्य लागलं की भिंतीला टेकून बसायची, गुडघ्यावर हात ठेवून, अन् पात्रानं तोंड उघडायच्या आधीच म्हणायची, पाहा आता हा खोटं बोलते. श्वासावरून कळायचं तिला. एकदा मी पुण्याच्या मावसबहिणीशी फोनवर बोलली, पाच मिनिटंच असेल, अन् आत येऊन आजीला विचारलं, आजी, चहा करू का गं. ती म्हणे, पुण्याचा फोन होता काय वं? मी म्हटलं तुला कसं समजलं. तर म्हणे, एरवी तू मांडू का म्हणते.

चहा मांडू का अन् चहा करू का. एवढाच फरक, एका शब्दाचा, अन् वरून तो "गं". मला स्वतःला पत्ता नव्हता की मी रंग बदलून आली. क्रिझ मला असा ऐकायचा होता. आपण नागपूरचे लोक तर दिवसभर हेच करत राहतो, घरी एक बोली, बर्डीवर भाव करताना आपली नागपुरी हिंदी, ऑफिसच्या कॉलवर तिसरंच काही, अन् कोणी मुद्दाम करत नाही, होते. इंग्रजीत काय बोलींची कमी आहे का, मॅकगॅन स्वतः लिव्हरपूलचा आहे. क्रिझ चार्लीसोबत दोन प्रसंग राहिला की त्याच्या तोंडात 1930 च्या खानदानी पोरीचे लाडके शब्द यायला पाहिजे होते, डॉक्टरसोबत राहिला की वाक्यं लांब अन् घाईची व्हायला पाहिजे होती, खुनी लोकांत बसला की आवाज थंड. कोणी त्यावर बोलायचंही नाही. ऐकणाऱ्याला तिसऱ्या कथेत कधीतरी लक्षात यावं की अरे, हा तर चार्लीसारखा बोलून राहिला. अंगावर काटा आला असता.

झालं काय, की त्याचा रंग बदलला हे आपल्याला बहुतेक वेळा दुसऱ्याच्या तोंडून कळते. कोणीतरी सांगते की तू असा दिसून राहिला, तसा झाला. अन् मनाचा रंग बदलतो हे तर फारच क्वचित, ते पण समजावून सांगितल्यासारखं. बाकी वेळ क्रिझ हा एक शांत, सभ्य, जरा दुःखी मुलगा आहे जो चार्लीसोबत पळतो, पकडला जातो, सुटतो. वेस्टमासला मी दोष देत नाही, उलट त्याच्या आवाजात एक अडखळ आहे, वाक्य सुरू करायच्या आधी अर्धा क्षण थांबणं आहे, त्यावरच मी 14 कथा त्याच्यामागे गेली. नट तयार होता, त्याला वाढलं नाही कोणी.

हे जमत नव्हतं म्हणावं तर तसंही नाही, कारण त्याच मालिकेत शेजारीच जमवलेलं आहे. केअरड्रोया या कथेत डॉक्टरचे तीन तुकडे होतात, तीन वेगवेगळे स्वभाव, अन् मॅकगॅन एकटा तिघांचं भांडण करून दाखवतो, कोण कोणता हे एकदाही विचारावं लागत नाही. द नॅचरल हिस्ट्री ऑफ फिअरमधे तिघंही नट आपले नेहमीचे आवाज घेऊन भलतीच माणसं होतात, अन् हे लोक नक्की कोण हा प्रश्नच कथेचा जीव आहे (याचा शेवट मी सांगणार नाही, स्पॉइलरच्या लेखातही नाही). म्हणजे आवाजानं माणूस बदलायची जादू दोनदा वापरली, एकदा डॉक्टरसाठी, एकदा सगळ्यांसाठी, अन् ज्याचा तो जन्मजात गुण आहे त्याच्या एकट्यासाठी मात्र शांतपणे बसून कधीच वापरली नाही.

आता दुसरी गोष्ट, अन् ही मला जास्त लागते.

पहिल्याच कथेत क्रिझ आपल्या प्रेयसीला, ल्डाला, मारतो. क्रोमॉन नावाच्या किडेसदृश लोकांनी तिचं शरीर बदलून टाकलेलं असते, ती परत येणार नसते, म्हणून तिची सुटका म्हणून मारतो. ते ऐकताना मला वाटलं की हे दुःख आहे, दया आहे. पुढे जाऊन कळते की क्रिझ फाउंडेशन नावाच्या एका पंथात वाढलेला आहे, तिथं त्याला शिकवलेलं आहे की मारणं म्हणजे तारणं, अन् त्यानं ल्डाच्या आधीही माणसं मारलेली आहेत, अन् ज्यांना मारलं ते सगळे त्याच्या आत आहेत. त्यांचे आवाज त्याला ऐकू येतात.

आवाज! ऑडिओ नाटकात! यापेक्षा मोठं आयतं ताट काय पाहिजे? विक्रमाच्या पाठीवर वेताळ एकच होता, तो गोष्टी सांगायचा अन् राजानं तोंड उघडलं की पळायचा, इथं क्रिझच्या पाठीवर अख्खी वस्ती आहे अन् एकही उतरत नाही. हेडफोनच्या डाव्या कानात चार्ली बोलून राहिली, उजव्या कानात अगदी मागून कोणीतरी दुसरं, नाव नसलेलं, अन् क्रिझ कोणाला उत्तर देऊन राहिला ते आपल्याला नक्की कळत नाही. हे फक्त कानातच होऊ शकते, पडद्यावर हे कोणी इतकं जवळून दाखवूच शकत नाही. फेथ स्टीलरमधे थोडं आहे, सगळे पंथ एकत्र नांदतात अशी एक जागा आहे अन् तिथं त्याला ल्डा छळत राहते, ती कथा मला आवडली, तिथं वाटलं आता धरला धागा. पण पुढच्या कथेत परत पळापळ.

कोणी म्हणेल की अगं ते मुद्दाम लपवून ठेवलं, शेवटी उघड करायला. मान्य, लपवावंच. पण झाकून ठेवलेल्या भांड्याचा वास येत राहतो नं घरभर. इथं मधल्या कितीतरी कथांत क्रिझ काढून दुसरा कोणी चांगला मुलगा ठेवला तरी काही फरक पडला नसता, तेव्हा मला झाकल्यासारखं वाटत नाही, विसरल्यासारखं वाटते.

झाकून ठेवणं कसं असते ते याच कंपनीनं याच वर्षात दाखवलेलं आहे. सातव्या डॉक्टरसोबत हेक्स नावाचा नर्स आला 2004 मधे, द हार्वेस्टमधे. त्याच्या आईचं काय झालं याची कथा त्याच्या येण्याच्याही आधी, 2001 अन् 2003 मधे येऊन गेलेली, डॉक्टरला माहीत असते, पोराला माहीत नसते, अन् ते त्याच्यासमोर पूर्ण फुटते 2010 ला, प्रोजेक्ट डेस्टिनीमधे. मधली सहा वर्षं तो हसला तरी आपल्या पोटात कालवते. किंवा एव्हलिन स्माइथ घ्या, सहाव्या डॉक्टरची सोबतीण, इतिहास शिकवणारी पन्नाशीची बाई, मॅगी स्टेबल्सनं तिला असं काही उभं केलं की तिची धाप सुद्धा पात्र वाटते. म्हणजे या लोकांना सोबती घडवता येतो, अन् खूप छान येतो, म्हणूनच क्रिझची हळहळ इतकी.

अदर लाइव्जबद्दल वेगळं लिहिलंच पाहिजे कारण त्यात क्रिझ जवळपास हातात आला होता. 1851 चं लंडन, हाइड पार्कातलं ते मोठं काचेचं प्रदर्शन, जिथं आपला कोहिनूर मांडला होता (इकडे नागपुरात तेव्हा तिसरे रघुजी भोसले गादीवर होते, अजून तीनच वर्षांत डलहौसी राज्य गिळणार होता). या कथेत कोणी राक्षस नाही, फक्त तिघांची ताटातूट होते अन् क्रिझ एका खेळवाल्याच्या हाती लागतो, जो विचित्र दिसणारी माणसं तिकीट लावून दाखवतो. इथं पहिल्यांदा त्याचं दिसणं कथेत वजन घेऊन येते. प्रेक्षकांच्या श्वासावरून, ओरडण्यावरून आपल्याला कळते तो कसा दिसत असेल, अन् तो स्वतः काय ऐकून राहिला असेल ते पण. मी त्या दिवशी खापरीला उतरून बाकावर बसून राहिली, एपिसोड संपेपर्यंत उठलीच नाही. अन् तरी पण, अशा गर्दीत, जिथं शेकडो लोक त्याच्याकडे जनावरासारखं पाहून राहिले, तिथं ज्याचं मन शेजाऱ्याचा रंग घेते त्याच्या मनात काय होईल? तो स्वतःलाच जनावर समजायला लागेल नं? तिथपर्यंत कथा जायला पाहिजे होती. दाराशी जाऊन परतली.

असं काहून झालं असेल याचा मी खूप विचार केला. एक तर काळ नसलेल्या विश्वाची ही मालिका द नेक्स्ट लाइफ या कथेनं डिसेंबर 2004 मधे आटोपली, अन् मार्च 2005 मधे डॉक्टर टीव्हीवर परत आला. क्रिझ त्याच्या विश्वातून बाहेर काढून आपल्या विश्वात आणला गेला, जिथं त्याचं असं काहीच नव्हतं, ना पंथ, ना लोक. झाडच उपटलं तर फळ कसं लागेल. दुसरं म्हणजे डॉक्टर अन् चार्ली. त्या दोघांमधे जे आहे ते इतकं भरलेलं आहे, तिनं त्याच्यासाठी आपलं विश्व सोडलं, की तिसऱ्याला बसायला जागाच उरत नाही. क्रिझचा अर्धा वेळ चार्लीला धीर देण्यात जातो.

अन् शेवट, अॅब्सोल्यूशन, 2007. इथं फाउंडेशन, ते आतले आवाज, क्रिझची खरी ताकद, सगळं एकदम बाहेर येते, अन् याच कथेत तो मरतो. चार वर्षांचं जेवण एका घासात. त्याच्या मरणानंतर डॉक्टर जरा कोरडाच वागतो, चार्लीला ते सहन होत नाही, ती म्हणते मला घरी सोड, अन् पुढची कथा, द गर्ल हू नेव्हर वॉज, तिच्या निरोपाची आहे. फार सुंदर आहे ती, मी रडली. पण रडून झाल्यावर राहून राहून वाटलं की क्रिझचं मरणही शेवटी चार्लीच्या कथेतलं एक वळण झालं. त्याला स्वतःचं मरण पण मिळालं नाही पूर्ण.

मला पाहिजे होती एकच कथा, एक तासाची, फक्त क्रिझ अन् त्याच्या आतले लोक. डॉक्टर बाहेर कुठंतरी गेलेला, चार्ली झोपलेली. रात्रभर तो जागा आहे अन् एकेक आवाज येऊन बोलून जातो, कोणी चिडून, कोणी म्हणते बरं झालं मारलंस. ल्डा सगळ्यात शेवटी. अन् सकाळी चार्ली उठून विचारते झोप झाली का, तर तो हो म्हणतो, अन् त्या "हो"मधे आपल्याला चार जणांचा आवाज ओळखू येतो. स्केर्त्सो बनवणाऱ्या लोकांना हे अवघड नव्हतं.

तर घ्यायचं की नाही? घ्या. नक्की घ्या. कंपनीच्या साइटवरून डाउनलोड मिळते, किंमत पाउंडात असते तेव्हा कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहे का ते आधी बघा, अन् जुन्या कथा नव्यांपेक्षा स्वस्त पडतात. सुरुवात स्टॉर्म वॉर्निंग या चार्लीच्या पहिल्या कथेपासून करा, स्केर्त्सो चुकवू नका, क्रोमॉन मधे जरा रेंगाळते पण क्रिझसाठी ऐका, मग फेथ स्टीलर, केअरड्रोया, अदर लाइव्ज. आवाजाचं काम सगळीकडे अव्वल आहे, मॅकगॅन अन् फिशरला पाचपैकी पाच, क्रिझ ज्या कल्पनेतून आला तिला पण पाच, त्या कल्पनेचं जे केलं त्याला अडीच. अन् मोबाइलच्या स्पीकरवर नका ऐकू, कूलर बंद करा, कानात घाला, अन् तो बोलायच्या आधीचा जो अर्धा क्षण आहे नं, तिथं लक्ष द्या.